व्हेटिंगचे तीन तास

परदेशात तुमच्या नावावर काही मालमत्ता आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. अगदी खात्रीने लिहिलं होतं. ब्रिटनमध्ये येऊन मला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, इथलं नागरिकत्व घेतलं होतं, आणि एका सरकारी खात्यात ज्या जागेसाठी माझी निवड झाली होती तिला 'डेव्हलप्ड व्हेटिंग' लागत होतं. सगळे त्याला डीव्ही म्हणतात. 'टॉप सीक्रेट' कागदपत्रं ज्यांच्या हातात नेहमी येणार, त्यांची ही तपासणी. इथल्या सर्वांत खोल जाणाऱ्या तपासण्यांपैकी ही एक.

फॉर्म पाठवला आणि आठवड्याभराने भावाशी फोनवर बोलताना विषय निघाला. तो म्हणाला, "ताई, अगं बाबा गेल्यावर वारसनोंद झाली ना. सातबाऱ्यावर तुझंही नाव लागलंय की."

माझ्या पोटात गोळा आला. ती जमीन माझी आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. भाऊ कसतो, भाऊच बघतो. पण कागदावर माझं नाव होतं आणि सरकारी फॉर्मवर मी 'नाही' लिहून मोकळी झाले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ऑफिसात ज्या बाईंकडे हे काम होतं त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, चूक झाली असेल तर सांगा, लपवू नका. मुलाखतीतही स्वतःहून सांगा.

हा फॉर्म भरणं हेच एक मोठं काम होतं. आईवडील, भावंडं, नवरा, त्याचे आईवडील, आतापर्यंतचे राहण्याचे पत्ते, परदेशातले संबंध. पैशांची प्रश्नावली वेगळी: पगार किती, हप्ते किती, कार्डावर थकबाकी किती, कोणाला उसने दिले का, कोणाकडून घेतले का. ओळखीच्या माणसांची नावं द्यायची, त्यांच्याशीही ते बोलतात. माझ्या एका मैत्रिणीला चांगला तासभर प्रश्न विचारले. काय विचारलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मुलाखत तीन तास चालली. छोटी खोली, एक टेबल, पाण्याचा जग, समोर पन्नाशीच्या एक बाई. आधी बालपण, घर, शाळा. मग दारू किती घेता, कधी ड्रग्ज घेतलीत का, कर्ज, तब्येत, इंटरनेटवर काय करता, राजकीय मतं, शरीरसंबंध. आपल्याकडे सख्ख्या बहिणीशीही ज्या गोष्टी बोलत नाहीत, त्या अनोळखी बाईला सांगायच्या. माझं पहिलं लग्न का मोडलं हे माझ्या आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्या खोलीत मी ते सांगितलं. इथे लिहिणार नाही.

सातबाऱ्याचं मी स्वतःच काढलं. त्यांना सातबारा म्हणजे काय ते समजावताना दहा मिनिटं गेली: गावचे नमुने सात आणि बारा, मालकी एकात, पिकांची नोंद दुसऱ्यात, वडील गेल्यावर फेरफार कसा होतो. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग एकच विचारलं: या जमिनीवरून कोणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का? तेव्हा मला या सगळ्या प्रकारामागचं सूत्र कळलं. तुम्ही सोवळे आहात का हे त्यांना बघायचं नसतं. तुमच्या आयुष्यात अशी कोणती गोष्ट आहे की जी धरून दुसरा कोणी तुम्हाला वाकवू शकेल, आणि ती तुम्ही आपल्या सरकारपासून लपवताय का, एवढंच ते शोधत असतात.

नंतर सहा महिने वाट. मंजुरी येईपर्यंत, ज्या खोलीत माझं खरं काम होतं तिचं दारही मला उघडता येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर साधं काम दिलं होतं. शेवटी एका ओळीची ईमेल आली आणि जीव भांड्यात पडला.

ती नोकरी सोडून आता दोन वर्षं झाली. हे सगळं पुन्हा वर आलं ते मजूर पक्षाचे जुने नेते आणि माजी मंत्री पीटर मँडलसन यांच्या प्रकरणामुळे. २० डिसेंबर २०२४ ला त्यांचं नाव वॉशिंग्टनमधले राजदूत म्हणून जाहीर झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते रुजू झाले आणि ११ सप्टेंबरला, लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याला त्यांनी लिहिलेल्या ईमेल बाहेर आल्यावर, त्यांना काढलं. मग संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने, म्हणजे एमिली थॉर्नबेरी यांच्या समितीने, विचारायला सुरुवात केली: तपासणी कोणी केली, कधी केली?

परराष्ट्रमंत्री इव्हेट कूपर आणि खात्याचे तेव्हाचे सर्वोच्च अधिकारी ऑली रॉबिन्स यांनी समितीला पाठवलेलं पत्र मी तीनदा वाचलं. नाव जाहीर होण्याआधी कॅबिनेट ऑफिसच्या, म्हणजे पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाला साहाय्य करणाऱ्या खात्याच्या, पथकाने छाननी केली होती, पण तीत परराष्ट्र खात्याला काही विचारलं नव्हतं. सुरक्षा व्हेटिंग सुरू झालं ते नाव जाहीर झाल्यानंतर. रुजू होण्याआधी खात्याने मंजुरी दिली.

म्हणजे वरातीमागून घोडं. रुजू होण्याआधी मंजुरी झाली हे मान्य. पण नाव सगळ्या जगाला कळलेलं असताना व्हेटिंग करणाऱ्याने 'नको' म्हणायचं ठरवलं, तर त्याच्यावर केवढं ओझं येणार! मला त्या खोलीचं दार सहा महिने बंद होतं ते याचसाठी, की निर्णय घेणाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं राहावं.

नोव्हेंबरमध्ये रॉबिन्स आणि तेव्हाचे कॅबिनेट सेक्रेटरी, म्हणजे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी, क्रिस वॉर्मल्ड समितीसमोर आले तेव्हा मी ते घरी बसून पूर्ण पाहिलं. व्हेटिंगमध्ये काय निघालं हे उघड करता येणार नाही, हा मुद्दा आला तेव्हा बऱ्याच जणांना ती टाळाटाळ वाटली. मला वाटली नाही. उद्या ही फाइल खासदारांच्या टेबलावर जाणार असं मला सांगितलं असतं, तर पहिल्या लग्नाबद्दल मी तोंड उघडलं नसतं. पुढे कोणीच उघडणार नाही. फाइल बंदच राहिली पाहिजे.

पण फाइल बंद ठेवायची म्हणून माणसालाही समितीसमोर आणायचं नाही, हे मला पटत नाही. मँडलसन रुजू होण्याआधी समितीने त्यांना बोलावलं होतं. सरकारने नाही म्हटलं. २०१० च्या कायद्याने ब्रिटिश सनदी सेवेत खुल्या स्पर्धेतून गुणवत्तेवर निवड बंधनकारक केली, पण दूतावासाच्या प्रमुखाला त्यातून सूट ठेवली. करिअर डिप्लोमॅट असेल तर त्याची तीस वर्षांची नोकरी खात्याला ठाऊक असते. बाहेरून येणाऱ्याचं तसं नसतं. १९७७ मध्ये जेम्स कॅलहन यांच्या सरकारने पंतप्रधानांच्याच जावयाला, पीटर जे यांना, वॉशिंग्टनला पाठवलं. तेव्हाही संसदेची संमती लागली नाही.

अमेरिकेत राजदूताला सिनेटची संमती लागते, ती राज्यघटनेतच आहे. एरिक गार्सेटी यांचं नाव भारतासाठी जुलै २०२१ मध्ये सुचवलं आणि मतदान झालं मार्च २०२३ मध्ये, ५२ विरुद्ध ४२. तेवढा काळ दिल्लीत पूर्णवेळ राजदूत नव्हता. असा खोळंबा इथे यावा असं मला मुळीच वाटत नाही. समितीला नकाराधिकार नको. एक दिवस, दोन तास, कॅमेऱ्यासमोर प्रश्न, एवढं पुरे.

जानेवारीत मी आमच्या खासदारांना दोन पानी पत्र लिहिलं. पहिली मागणी: बाहेरून नेमलेल्या राजदूताचं नाव डीव्ही पूर्ण होईपर्यंत जाहीर करू नये. दुसरी: रुजू होण्याआधी त्याने समितीसमोर यावं, आणि व्हेटिंगच्या तारखा, फक्त तारखा, समितीला लेखी मिळाव्यात. सातबाऱ्याची गोष्ट आधी पत्रात घातली होती, मग काढली. तीन आठवड्यांनी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. पत्र समितीकडे पाठवलंय म्हणाले. तारखांचा मुद्दा त्यांना नीट कळला नव्हता, म्हणून मी तो पुन्हा एकदा सविस्तर लिहून पाठवला आहे.