टकोमाच्या चाकांचे नट

गेल्या मे महिन्यात मी माझ्या टोयोटा टकोमा पिकअप ट्रकला नव्या ॲल्युमिनियम डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या रिम, बसवून घेतल्या. कंपनीच्या मूळ डिस्कही ॲल्युमिनियमच्याच होत्या, पण ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, म्हणून त्या मला बर्फाच्या टायरसाठी बाजूला ठेवायच्या होत्या. दुकानातल्या मुलाने नव्या डिस्कना जुनेच नट लावले. आटे तेच आहेत, चालतात, म्हणाला.

घरी येतानाच ५५ मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या चाकाच्या नटांभोवती करडी पूड दिसली. बोटाला लागली तेव्हा पोटात गोळा आला, कारण ते ॲल्युमिनियम होतं.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांची तीस वर्षं लेथवर गेली आहेत. मी एक नट काढून कॅमेऱ्यासमोर धरला.

"पोरी, हा चपट्या बुडाचा आहे, खाली वायसर. आता भोक दाखव."

नव्या डिस्कचं भोक आत निमुळतं होत गेलेलं होतं. त्या उतारावर वायसरची फक्त कड टेकत होती. भार सगळा त्या बारीक कडेवर येत होता, मऊ ॲल्युमिनियम तिथे चेपलं जात होतं आणि तेवढा नट सैल पडत होता. सहापैकी दोन भोकांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. ती डिस्क मी टाकून दिली आणि नवी घेतली. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, पण भाजीने भरलेला ट्रक हायवेवर असताना ते चाक निघालं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

मग नट शोधायला बसले. माझ्या टकोमाच्या स्टडचा, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टचा, व्यास १२ मि.मी. आणि आट्यांचं अंतर १.५ मि.मी. हे जुळलं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पण बसायचा भाग तीन तऱ्हांचा असतो: ६० अंशांचा शंकू, गोळ्यासारखा गोल आणि चपटा वायसरवाला. माझ्या नव्या डिस्कना शंकूच हवा होता. शिवाय भोकाभोवतीची खोबण अरुंद होती, जाड पान्याचं तोंड आत शिरेना. म्हणून १९ मि.मी.चे नट आणि पातळ भिंतीचं सॉकेट घेतलं.

तोंड बंद असलेल्या नटाची मला सगळ्यात जास्त भीती होती. स्टड लांब असेल तर त्याचं टोक आत टोपीला टेकतं. नट आवळल्यासारखा वाटतो, पण डिस्क दाबलेलीच नसते. बाबांनी सांगितलं, "आधी डिस्क न लावता नुसत्या स्टडवर फिरवून बघ." बोटांनी फिरवला तर १८ फेऱ्यांनी टेकला. डिस्क लावून ११ फेऱ्यांत बसला. १२ मि.मी.च्या स्टडवर किमान तेवढीच लांबी आट्यांनी धरायला हवी, म्हणजे ८ फेऱ्या. दोन्हीकडून निश्चिंत झाले.

बसवायला मात्र शनिवारची सगळी सकाळ गेली. हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर टेकते त्या मधल्या भागावरचा, गंज वायरब्रशने घासून काढला, कारण मध्ये खपली राहिली तर डिस्क सपाट बसत नाही. डिस्कचं मधलं भोक १०८ मि.मी., हब १०६.१, मधली फट भरायला कडी घातली. प्रत्येक नट आधी बोटांनी धरवला. आटा वाकडा गेला तर तो हाताला लगेच कळतो, इम्पॅक्ट गनला कळत नाही.

तेलावरून आमचं वाजलं. बाबांचा आग्रह होता की आट्यांना एक थेंब लावच. इकडे गंज किती चढतो ते मलाही माहीत आहे. पण नट किती जोरात आवळायचे त्याचा ८३ फूट-पाउंड हा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला आहे. तेलाने घर्षण कमी होतं, मग तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "बरोबर आहे. कोरडेच ठेव."

समोरासमोरचे नट घेत आधी ३०, मग ६०. शेवटचे ८३ चाक जमिनीला टेकवून, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने. ५० मैलांनी पुन्हा पाना लावला तेव्हा २४ पैकी दोन नट किंचित फिरले. आणखी शंभर मैलांनी एकही हलला नाही. थरथर गेली.

जुने वायसरवाले नट बरणीत भरून, "हिवाळा, मूळ डिस्क" अशी चिठ्ठी लावून फडताळावर ठेवले. नोव्हेंबरमध्ये चाकं परत बदलली आणि बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच निरोप आला: "छान. तेल नाही ना लावलंस?"