कुणाच्या मुलखातले?

३० मार्च, रात्री

आज दिवसभर एक शब्द खुपत राहिला. टोळी. आफ्रिकेवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘दोन टोळ्यांमधला संघर्ष’ असं लिहून मी पुढे गेलेही होते. आपल्या वर्तमानपत्रांत असंच छापून येतं, हाताला वळणच पडलंय. मग दक्षिण आफ्रिकेचे मानववंशशास्त्रज्ञ आर्ची माफेजे आठवले. त्यांचा १९७१ चा निबंध काढून बसले. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांच्या भाषांत ‘ट्राइब’ला शब्दच नाही, असं ते सांगतात. राष्ट्राला आहे, कुळाला आहे, वंशाला आहे. पण माणसाची ओळख विचारताना पूर्वी विचारत, तू कुणाच्या मुलखातला? म्हणजे कुठल्या राजाच्या जमिनीवरचा.

माफेजेंचा जन्म आजचाच, ३० मार्च १९३६, ईस्टर्न केपमधल्या खेड्यातला. १९६० साली याच तारखेला केपटाऊनच्या लांगा वस्तीतून तीसेक हजार माणसं पासच्या, म्हणजे काळ्या माणसाने सतत जवळ बाळगायच्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध शहरात चालत गेली. सगळ्यांच्या पुढे फिलिप क्गोसाना, वय २३, माफेजेंच्याच केपटाऊन विद्यापीठातला विद्यार्थी. मंत्र्यांशी भेट घडवतो, असा शब्द पोलिसांनी दिला. त्याने गर्दी शांतपणे परत नेली. संध्याकाळी भेटीला गेला तर अटक.

त्याच वर्षी नोव्हेंबरात माफेजे लांगात पाहणीला उतरले. काळ्या माणसाने कुठे राहायचं हे सरकार ठरवणार आणि पास नसेल तर तुरुंग, अशा वस्तीत अनोळखी माणसाला कोण काय सांगणार? पण हा तरुण त्यांच्याच भाषेत बोलणारा. एका गावचे पुरुष एकत्र खोली करून राहतात, एकत्र शिजवतात, कुणी आजारी पडलं तर बघतात, त्यांना ‘अमाखाया’ म्हणतात, म्हणजे घरची माणसं. शिकलेल्या, नीटनेटक्या लोकांना वस्तीने नाव ठेवलं होतं ‘ऊस्क्यूज-मी’, इंग्रजीतल्या ‘एक्सक्यूज मी’वरून. मला हा शब्द फार आवडतो. शहर माणसांना कसं नव्याने वाटून घेतं ते त्यात ऐकू येतं, आणि ते ऐकायला कान तिथलाच लागतो. मानववंशशास्त्रज्ञ मोनिका विल्सन यांच्यासोबतचं त्यांचं लांगावरचं पुस्तक १९६३ मध्ये आलं.

(अमाखाया वाचताना दर वेळी लालबागची आमच्या गावकीची खोली डोळ्यांसमोर येते. आजोबांची पत्र्याची ट्रंक तिथेच असायची.)

१९६८ मध्ये केपटाऊन विद्यापीठाने त्यांना वरिष्ठ व्याख्याता नेमलं आणि काळा माणूस नको म्हणून सरकारने डोळे वटारताच नेमणूक मागे घेतली. सहाएकशे विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीत नऊ दिवस ठिय्या देऊन बसले. उपयोग झाला नाही. मग दार-एस-सलाम, हेग, कैरो. लांगा ज्याने घरोघर हिंडून समजून घेतलं, त्याने केपटाऊनमध्ये शिकवायचं नाही! याचा राग मला आजही येतो. २००७ मध्ये ते गेले. त्याच विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट २००८ ची, घरच्यांच्या हाती. विद्यार्थी जिथे ठाण मांडून बसले होते, त्याच इमारतीतल्या एका दालनाला आता त्यांचं नाव आहे.

रात्री ते वाक्य खोडलं. मूळ लेखात दोन्ही बाजूंच्या लोकांची नावं होती आणि भांडण चराईच्या रानावरून होतं. दोन्ही मी गाळलं होतं. आता नावं आहेत, रानही आहे.