जाम झालेला पेडल शाफ्ट

आजचा अख्खा दिवस एका शाफ्टने खाल्ला. जुन्या स्पोर्ट्स कारचा, क्लच-ब्रेकचा सामाईक, म्हणजे दोन्ही पेडल ज्यावर झुलतात तो दांडा. कारण नेहमीचंच: मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) झिरपलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, मग गंज बुशात (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) शिरतो.

हातोडा लगेच उचलू नका. शाफ्टचं टोक फुललं की ते बुशातून निघतच नाही. पेडल बॉक्स (पेडल बसवलेली चौकट) खोलून बाकावर घ्या. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, रात्रभर मुरू द्या. जळगावच्या उन्हात ॲसिटोन बघता बघता उडतं, म्हणून सावलीत, झाकून. गॅसचा टॉर्च पेटवण्याआधी सगळं कोरडं पुसा. तापवायचा पेडलचा बॉस (शाफ्टभोवतीचा जाड भाग), शाफ्ट नाही. आधी पान्याने शाफ्ट थोडा इकडे-तिकडे फिरवा. फिरला की पितळी पंचाने ठोका.

चरे पडले असतील तर लेथवर नवा शाफ्ट, ब्राँझचे बुश. आणि ग्रीसचं भोक? बहुतेक वेळा रंगानेच बुजलेलं सापडतं!