तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या हाती डार्ट देताना

‘मुलाला डार्ट्स शिकायचंय, सुरुवात कशी करू?’ मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या फाटकापाशी, कधी पुण्याहून आलेल्या फोनवर हा प्रश्न हल्ली मला हमखास विचारला जातो. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि शनिवारी सकाळी एका क्लबात लहान मुलांना डार्ट्स, म्हणजे गोल बोर्डावर छोटे टोकदार बाण फेकायचा खेळ, शिकवायला मदत करते. प्रश्न वाढले ते ल्यूक लिटलरमुळे. वॉरिंग्टनचा हा मुलगा जानेवारी २०२४ मध्ये, १६ वर्षांचा असताना, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना खेळला. तो हरला, पण पुढच्याच जानेवारीत मायकेल व्हॅन गरवेनला ७-३ असं हरवून जगज्जेता झाला. तेव्हापासून इथल्या घराघरांत मुलांना बोर्ड हवा झालाय.

माझं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, सुरुवातीला गुण मोजूच नका. तीन डार्ट एकमेकांच्या किती जवळ पडले, तेवढंच बघा.

आमच्याकडे एक दहा वर्षांची मुलगी येते. बोर्डावर १ ते २० अशी आकड्यांची घरं असतात; एकदा तिचे तिन्ही डार्ट १ च्या घरात लागले. तिचे वडील बाजूला उभे होते, ते हळहळले. नेम २० वर आणि हाती गुण फक्त तीन! मला मात्र तिला उचलून घ्यावंसं वाटलं, कारण ते तिन्ही डार्ट एका काड्यापेटीखाली झाकले गेले असते. तिचा हात तीनदा अगदी तसाच फिरला होता. २० च्या उजवीकडे १ असतो, म्हणजे चूक एकच आणि ठरलेली. जिथून डार्ट फेकतात त्या रेघेवर तिला थोडं डावीकडे उभं केलं, बाकी काही बदललं नाही, आणि डार्ट २० मध्ये जायला लागले. एक ६० (२० च्या तिप्पट गुणांच्या पट्टीत), एक ५ आणि एक थेट भिंतीत, असं करणाऱ्या मुलाला काय सुधारायला सांगणार?

हात तसाच फिरावा म्हणून काय करायचं, तर शरीराचं बाकी सगळं स्थिर ठेवायचं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा पाय रेघेपाशी ठेवायचा आणि बराचसा भार त्याच्यावर द्यायचा. खांदा हलवायचा नाही. कोपर पुढे काढून वर धरायचं, कोपरापासून पुढचा हात मागे आणायचा आणि सोडताना बोटं लक्ष्याकडे पूर्ण उघडू द्यायची. बहुतेक मुलं डार्ट सुटला की हात झटकन खाली पाडतात. मग डार्टही खाली जातो. ‘हात तिथेच राहू दे, डार्ट लागेपर्यंत बघत राहा,’ हे वाक्य मी सकाळभर म्हणत असते. पकड अंगठा आणि दोन किंवा तीन बोटांची. डार्ट निसटू नये इतकीच घट्ट. मुठीत आवळला की सुटताना तो तिरका होतो आणि हवेत डोलत जातो.

बोर्डाच्या उंचीबद्दल पालक हट्ट धरतात, तो सोडा. नियमाप्रमाणे बुलचा, म्हणजे बोर्डाच्या मधल्या गोल ठिपक्याचा, मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि रेघ बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून २.३७ मीटरवर असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तिथून अंगाचा जोर लावावा लागतो, आणि जोर आला की हात बिघडतो. बोर्ड खाली घ्या, रेघ पुढे आणा. मूल वाढेल तसं दोन्ही सरकवत न्या. डार्ट हलके आणि साधे पितळेचे चालतात; महागाचे टंगस्टनचे नंतर. टंगस्टन जड धातू, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा डार्ट बारीक होतो आणि छोट्या घरात तिन्ही मावतात. नवशिक्याला ती अडचण अजून आलेलीच नसते.

बोर्ड मात्र चांगला घ्या, घायपाताच्या तंतूंचा. टोक तंतूंना बाजूला सारून आत शिरतं आणि डार्ट काढला की ते पुन्हा मिटतात. आणि एक गोष्ट अजिबात सैल सोडू नका: फेकणाऱ्याचे तिन्ही डार्ट होईपर्यंत बाकी सगळे रेघेच्या मागे, आणि पायात बूट. घरांमधल्या तारेवर आपटलेला डार्ट उलटून येतो. अगदी चिमुकल्यांना चुंबकाचा बोर्ड द्या. लिटलरची सुरुवातही दीड वर्षाचा असताना तशाच बोर्डावर झाली होती.

डार्ट जवळजवळ पडायला लागले, की ‘राउंड द क्लॉक’ खेळवा. १ पासून २० पर्यंत एकेक घर क्रमाने घ्यायचं. यात सगळा बोर्ड ओळखीचा होतो आणि मोठ्या आकड्यांचा मोह राहत नाही.

मग ५०१. यात गुण मिळवत नाही, ५०१ मधून वजा करत जातो, आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे आकड्याच्या दुप्पट गुण देणाऱ्या कड्यात, लागून बरोबर शून्य यावं लागतं. ते बाहेरचं कडं जेमतेम ८ मिलिमीटर रुंद. मला या खेळाचं खरं वेड लागलं ते इथे. ३२ उरले की डबल १६. चुकून साधा १६ लागला तर उरले १६, म्हणजे डबल ८. तिथेही साधा ८ लागला तर डबल ४, मग डबल २, मग डबल १. प्रत्येक वेळी निम्मे, आणि पुढचा डबल तयारच. तेच ४० वरून २०, १०, ५ असं येतं, आणि ५ विषम, म्हणजे एक डार्ट सम करण्यातच जातो. हे मी पोरांना आधी सांगत नाही. फळ्यावर स्वतः वजाबाकी करायला लावते. कुणीतरी अचानक खडू हातात धरून थांबतं आणि विचारतं, ‘मग मी आधीच ३२ वर यायला बघू का?’ त्या दिवसापासून त्या मुलाशी गुणांबद्दल बोलायला माझी काही हरकत नसते.