ऐझॉलचा बाजार आणि काकांशी झालेलं भांडण

मिझोरामच्या राजधानीवर, म्हणजे ऐझॉलवर, लिहिणारा प्रत्येक जण हॉर्न न वाजवणाऱ्या गाड्यांबद्दल लिहितो, म्हणून ते आधी उरकून टाकते. हो, वाजवत नाहीत. अरुंद चढावर गाड्या खोळंबून राहतात, दुचाक्या कडेला रांगेत, कुणी मध्ये घुसत नाही. हायवेलगत बिनमालकाची दुकानंही आहेत: भाजी उचलायची, डब्यात पैसे टाकायचे. रविवारी मात्र गाव कडकडीत बंद. साधा चहा मिळायची मारामार, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. रेइक झालं, हमुइफांग झालं, सॉलोमन्स टेंपल झालं. फोटो बरे आलेत. मला लिहायचंय ते एका रात्रीच्या जेवणाबद्दल, आणि तिथे निघालेल्या १९६६ च्या हवाई हल्ल्याबद्दल.

आमचा होमस्टे दॉरपुई भागात होता. मालक सत्तरीकडे झुकलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. इंग्रजी सावकाश बोलायचे, मधूनमधून सिलचरला शिकलेली हिंदी. मी आणि माझी मैत्रीण एका खोलीत, शेजारच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि प्रत्येक गोष्टीची माहिती असलेले. काकू मात्र गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी मेतकुटाची बाटली टेबलावर आणून ठेवली, कारण अंकलच्या घरी भाताबरोबर बाई, म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, आणि धुरावलेलं डुकराचं मांस. काकांनी त्या मांसाच्या ताटलीपासून आपली खुर्चीच लांब ओढली होती.

विषय काकांनीच काढला. लाकडी खांब, पत्र्याचं छप्पर, खाली दरीत उतरलेलं सिमेंटचं जोतं बघून त्यांनी विचारलं, घर किती जुनं? अंकल म्हणाले, सहासष्टच्या नंतरचं. आधीचं विमानांनी जाळलं.

"पाकिस्तानच्या?" काकांनी विचारलं. पासष्टचं युद्ध नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता.

"नहीं, नहीं. अपने ही," अंकल म्हणाले आणि काकूंकडे भात सरकवला.

मला ही गोष्ट वरवर माहीत होती. कुठेतरी वाचलेली एक ओळ, बस. तारीख ५ मार्च १९६६, वार शनिवार. ऐझॉल तेव्हा आसामच्या मिझो जिल्ह्याचं मुख्य गाव होतं. त्याच्या काही दिवस आधी, २८ फेब्रुवारीच्या रात्री, मिझो नॅशनल फ्रंटच्या लोकांनी जिल्हाभर एकाच वेळी उठाव केला, १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. ऐझॉलच्या मध्यावर आसाम रायफल्स या निमलष्करी दलाचं ठाणं होतं, ते वेढलं गेलं. हेलिकॉप्टरनं माणसं आणि दारूगोळा उतरवायचा प्रयत्न झाला, पण खालून गोळीबार, उतरता येईना. सिलचरकडून येणारी फौज रस्त्यात अडकलेली. मग आसाममधल्या तळांवरून विमानं आली. तूफानी आणि हंटर, दोन्ही लढाऊ जेट. आधी मशीनगन, मग आगलावे बॉम्ब. पुढचे काही दिवस ती जिल्ह्यात इतर ठिकाणीही येत राहिली. भारतीय वायुदलाने देशाच्या हद्दीत, आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर हल्ला केल्याचं हे एकमेव उदाहरण मानतात. सरकारचं त्या वेळचं म्हणणं असं की विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती.

अंकल तेव्हा आठ वर्षांचे. त्यांनी सांगितलेलं सगळं युद्ध एका डुकराचं होतं. मिझो घरं उतारावर खांबांवर उभी असायची, खाली डुकरांचा गोठा. पहिल्या आवाजाला आईनं मुलांना ओढत नाल्यात नेलं, तिथून रात्री जंगलातल्या झूम शेतावरच्या (झाडी तोडून-जाळून केलेल्या शेतावरच्या) झोपडीत. डुक्कर बांधलेलंच राहिलं. सोडायला जावं का यावरून आईवडिलांचं झोपडीत भांडण, वडील निघाले, आईनं अडवलं. परत आले तेव्हा आख्खी ओळच्या ओळ नव्हती. बांबूच्या भिंती, गवताचं शाकारणं, एक पेटलं की पुढचं पेटतं. दॉरपुई आणि खालचं छिंगा वेंग, दोन्ही जळाली. ऐझॉलमध्ये तेरा माणसं गेली असं सांगतात. बहुतेक गाव आधीच रानात पळालं होतं म्हणून आकडा एवढ्यावर राहिला.

हे सगळं अंकलनी कढी वाढावी तसं सांगितलं. आवाज चढला नाही. मला त्यांचा थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू. आपल्याला तिथे बसून अपराधी वाटायचं असतं आणि समोरचा ती सोयच करून देत नाही.

आणि मग काका मराठीत सुरू झाले.

"अगं, पण बंड पुकारलं होतं ना त्यांनी. खजिना लुटला, टेलिफोन एक्स्चेंज ताब्यात घेतलं. सरकार काय आरती ओवाळणार?"

मी म्हटलं, काका, बाजारात बंडखोर किती होते आणि दुकानदार किती, हे वरून दिसतं का?

"वेढ्यातल्या जवानांचा विचार कर. त्यांचीही आई असते."

हा मुद्दा खोटा नाही, मला तो तेव्हाही टोचला आणि आत्ताही टोचतोय. ठाण्यातली माणसं खरोखर अडकली होती. पण काका तिथे थांबले नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाच्या चर्चेत लोकसभेत हा विषय निघाला होता, तेव्हापासून हा हल्ला कुणाच्या पक्षानं केला आणि कुणाच्या नाही याची त्यांच्याकडे फोनमध्ये पूर्ण फाइल होती. ते वाचून दाखवू लागले. म्हणजे काकांना बॉम्बहल्ल्याचं समर्थनही करायचं होतं आणि तो केला म्हणून एका पक्षाला शिव्याही द्यायच्या होत्या. एकाच जेवणात. काकूंनी टेबलाखालून पाय मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

अंकलना मराठी येत नव्हतं. पण 'बंड', 'जवान', 'काँग्रेस' एवढं कळायला मराठी लागत नाही. त्यांनी पाणी भरून दिलं आणि काकांना विचारलं, तुम्हाला शाळेत बांबूच्या फुलांबद्दल शिकवलं होतं का?

नव्हतं. मलाही नाही. इथला बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, जंगलच्या जंगल. मग फळ धरतं, ते खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, बांबूचं फळ संपलं की शेतात शिरतात. १९५९ मध्ये तसंच झालं. मिझो जिल्हा परिषदेनं आसाम सरकारला आधी सांगून ठेवलं होतं की दुष्काळ येतोय, तयारी करा. जुन्या लोकांच्या समजुती म्हणून सोडून दिलं. दुष्काळात गावोगाव धान्य पोचवायला जी संघटना निघाली, तिचंच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झालं. नेता लालडेंगा, लष्करात हवालदार राहिलेला माणूस. अंकल म्हणाले, आमच्या घरी तांदूळ दिला तो त्यांच्या पोरांनी, आणि त्याच पोरांमागून विमानं आली, आता आम्ही कुणाला काय म्हणायचं?

काका गप्प बसले असं लिहायला मला आवडलं असतं. ते म्हणाले, "तरीपण."

सकाळी अंकल आम्हाला पायी लम्मुआलला घेऊन गेले. काकाही आले, पायात पांढरे बूट. हे आसाम रायफल्सचं मैदान, आता तिथे फुटबॉल चालतो. डोंगराच्या धारेवर एवढी सपाट जागा म्हणजे चैनच. मी सह्याद्रीत पुष्कळ फिरलेय, धारेवरची वस्ती मला नवी नाही, पण इथे उभं राहिल्यावर पोटात काहीतरी हललं. सगळं किती जवळ आहे! वेढलेलं ठाणं, खजिना, बाजार, दॉरपुई. आरामात चाललं तरी पंधरा-वीस मिनिटांचा मामला. जेट विमानाला हे अंतर म्हणजे काही सेकंद. वैमानिकाला खाली एकच धार दिसली असणार, तिच्या दोन्ही अंगांना लोंबणारी घरं. नकाशावर 'बंडखोरांची ठाणी' लिहिणं सोपं, पण इथे ठाणं म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या मागची जागा. काका बराच वेळ हातानं अंतर मोजत होते. काही बोलले नाहीत, पण फोनही काढला नाही, याची नोंद मी ठेवली आहे.

मार्चच्या पाच तारखेच्या आसपास जाणार असाल तर तो दिवस तिथे 'झोरम नी' म्हणून पाळतात हे लक्षात ठेवा. त्या दिवशी कुणाच्या दारात ड्रोन उडवू नका, एवढंच.

पुढे आम्ही चौघांनी मिळून लुंगलेईला गाडी केली. भांडूनही बरोबर का गेलो? कारण भाडं निम्मं झालं, आणि काकूंचं मेतकूट. वाटेत काकांनी एक चांगली गोष्ट टिपली, ती त्यांच्या नावावर लिहिते. गावं सगळी रस्त्यालाच का? एवढे डोंगर पडलेत, आत काहीच कसं नाही?

चालक पंचविशीतला. म्हणाला, ही आणून बसवलेली गावं आहेत. विमानं गेली तरी बंड संपलं नव्हतं. १९६७ पासून लष्करानं आतली गावं रिकामी केली आणि लोकांना रस्त्यालगतच्या केंद्रांत आणलं, बंडखोरांना धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून. पाचशेहून जास्त गावं, शंभराच्या आसपास केंद्रं. मागची घरं आणि कोठारं पेटवून दिली. यायला-जायला परवाने, रात्री संचारबंदी, शेत लांब राहिलेलं. सरकार आणि फ्रंट यांच्यात शांतता करार झाला १९८६ मध्ये, मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये, आणि लालडेंगा मुख्यमंत्री झाला. आजीचं गाव परत वसलंच नाही, असं तो म्हणाला. बॉम्ब काही दिवसांचे, हे वीस वर्षांचं. आपण मात्र बॉम्बवरच भांडत बसतो, कारण ते भांडायला सोपे.

काकांनी विचारलं, "कुठे होतं आजीचं गाव?" त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून समोरच्या डोंगरांकडे केला. कुठला डोंगर ते आम्हा चौघांपैकी कुणालाच कळलं नाही. काका म्हणाले गाडी थांबव, नीट दाखव. तो म्हणाला, थांबलो तर थेनझॉलला जेवण संपेल. काका तरीही थांबवाच म्हणाले. थांबलो, त्यानं दाखवलं, आणि थेनझॉलला जेवण खरोखरच संपलं होतं. उकडलेली अंडी मिळाली, तीही काका खात नाहीत.