ब्लॅक लेस: फुलं आली, काठ्या गेल्या

अखेर ब्लॅक लेस (एल्डर या झुडपाची काळ्या पानांची जात) फुलली! ताटलीएवढे गुलाबी झुबके आणि त्यांच्याखाली बारीक कातरलेली काळी पानं, अगदी लेबलवरच्या फोटोसारखी. आणि त्याच आठवड्यात इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये रात्रभर वारा-पाऊस झाला. सकाळी बघते तर यंदाच्या नव्या काठ्यांपैकी ज्या सगळ्यांत जोमदार होत्या, त्याच बुंध्यातून सोलवटून आडव्या पडलेल्या. म्हणून ही नोंद अर्धी पेढ्यांची, अर्धी सुतकाची.

फुलांचं श्रेय तिसऱ्या हिश्शाच्या छाटणीला. एल्डर फुलतो तो मागच्या वर्षीच्या लाकडावर. फेब्रुवारीत सगळं झुडूप जमिनीलगत उडवलं की पानं मोठी आणि काळीभोर मिळतात, पण त्या उन्हाळ्यात फुलांच्या नावानं शून्य. काहीच छाटलं नाही तर झाड तीन मीटरवर जातं, फुलं डोक्याच्या वर आणि खाली नुसते उघडे पाय. दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांचा तिसरा हिस्सा बुडातून काढला की एकाच झुडपावर फुलंही आणि कोवळी काळी पानंही. पुस्तकात हे वाचायला सोपं जातं.

खरी डोकेदुखी पुढे. जुनी फांदी काढली की खालच्या तयार मुळांची सगळी ताकद उरलेल्या डोळ्यांत, म्हणजे फुटव्याच्या कोंबांत जाते. मे संपेस्तोवर काठी कमरेला लागते, जूनमध्ये खांद्याला. एवढ्या घाईनं वाढलेल्या काठीत लाकूड थोडं आणि पांढरा मऊ गाभाच जास्त. त्यात ती फुटते जुन्या थोट्याच्या सालीलगत, तिथे तिची पकड अगदी वरवरची असते. पडलेल्या काठीची टाच उचलून पाहिली, तर अंगठ्याच्या नखाएवढं लाकूड आणि खाली लोंबणारी सालीची लांब पट्टी. पानं भिजून जड झाली, वाऱ्यानं शीड भरल्यागत काठी ओढली आणि सांध्यातून निखळली. काठी मधे मोडली असती तर खालच्या पेरातून पुन्हा फुटली असती. इथे डोळाच गेला.

आधार देऊन झालं. बांबू रोवून कमरेशी बांधलं तर वारा बांधाच्या वर मोडतो, आणि काळ्या पानांतून पिवळे बांबू बघायचे असतील तर झुडूप लावायचंच कशाला? थोटे गुडघ्याएवढे उंच ठेवून बघितले, तिथूनही सांधा तसाच कच्चा. कोंबडखताच्या गोळ्या बंद केल्या, त्याचा थोडा फरक पडला. पण आमच्या चिकणमातीत मुळातच ओल आणि खाऊ भरपूर, तिला उपाशी ठेवणार कसं? शिवाय कुंपणाच्या बाजूला वेगळंच दुखणं: नव्या काठ्या जुन्यांवर सावली धरतात आणि सावलीतली पानं हिरवट पडतात. हा काळा रंग उन्हाचा. ऊन कमी झालं की आतला हिरवा वर येतो.

तर ठरवलं होतं असं, की येत्या फेब्रुवारीत झुडपाभोवती लोखंडी कडं बसवायचं, बारमाही फुलझाडांना लावतात तसं, फक्त जाड सळईचं. किंमतही काढून ठेवली होती.

पण हे लिहिताना आमचा नाशिकचा मळा आठवला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाची काडी सरळ वर जाऊ देतं का कोणी? ठरावीक पानांवर शेंडा मारायचा, बगलेतून फुटेल ती सबकेन घ्यायची, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात ते त्या पक्व काडीवर. एल्डरला हेच का करू नये? पानं समोरासमोर, म्हणजे प्रत्येक पेराला दोन डोळे. चार जोड्या पानांवर शेंडा खुडला तर एका लांब काठीऐवजी दोन आखूड फांद्या, उंची कमी, वाऱ्याला शीड लहान, आणि खालच्या लाकडाला भरायला उसंत. पुढच्या वर्षी फुलं धरणारं लाकूडही दुप्पट. कड्याचे पैसे वाचले ते वेगळेच.

यात बोनस म्हणजे मावा. एल्डरचा काळा मावा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय: कोवळ्या शेंड्याला बोटभर जाड लेप, आणि वर मुंग्यांची राखण. मी फवारत नाही. लेडीबर्डची पिल्लं नि होव्हरफ्लायच्या अळ्या तो साफ करतात, आणि उन्हाळ्यात मावा स्वतःच दुसऱ्या झाडांच्या मुळांवर मुक्कामाला जातो. पण शेंडे खुडले की वसाहतीचा निम्मा भाग बादलीतच.

वेळेचं मात्र जपायला हवं. जूनअखेरनंतर खुडलं तर बगलफुटी ऑक्टोबरच्या दंवापर्यंत कोवळीच राहणार. म्हणून उरलेल्या काठ्या आजच खुडल्या. कुंपणाकडच्या मात्र तशाच सोडल्यात, तुलना हवी ना.

पडलेल्या काठ्या वाया नाही घालवल्या. शेंड्याकडचे वीतभर तुकडे, पेराच्या लगेच खाली काप, पानं अर्धी कातरलेली, आणि अर्धं परलाइट (हलके पांढरे खडे, पाणी साचू न देणारे) घातलेल्या मिश्रणात रोवून वर पिशवी. पेराखाली गाभ्याचं लांब तोंड उघडं राहिलं तर कलम तिथूनच कुजतं. कापायला बायपास सिकेटरच हवा, कात्रीसारखी पाती एकमेकांजवळून सरकणारा. ॲनव्हिलचा सिकेटर, म्हणजे पातं सपाट पट्टीवर दाबणारा, हा गाभा चेपून ठेवतो. माझी फेल्को दोन नंबर महाग वाटली होती घेताना, आता तक्रार नाही. जुन्या फांद्यांना ओढताना कापणारी जपानी करवत. पीटविरहित मिश्रण मात्र चाळूनच घ्या. यंदाच्या पोत्यात निम्म्या लाकडाच्या ढलप्या निघाल्या.

मी मागवलेल्या ब्लॅक ब्यूटीचं (हीही काळ्या पानांची एल्डर) काय झालं, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं. भर उन्हात लावूनही ती हिरवी ती हिरवीच. बीजाचं रोप खपवलेलं दिसतंय, त्या ऑनलाइन नर्सरीकडून पुन्हा नाही. वाणाचं पूर्ण नाव बघूनच घ्या: ब्लॅक ब्यूटी म्हणजे 'गेर्डा', ब्लॅक लेस म्हणजे 'इव्हा'. दोन्ही केंटच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रातली, दोघींनाही आरएचएसचं (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं) अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट. गिंचो पर्पल ही एल्डर त्यांच्याआधीची, पण काळेपणात ती या दोघींच्या जवळपास येत नाही.

आणि हो, सरबत! मोजकेच झुबके तोडले, बाकीचे मधमाश्यांना. देठ शक्य तितके काढले, कारण एल्डरची पानं, देठ आणि कच्ची फळं पोटाला बाधतात. साखरेचा पाक, लिंबाच्या फोडी, सायट्रिक ॲसिड, रात्रभर मुरवलं. साध्या एल्डरचं सरबत पिवळसर होतं, हे आंबट पडताच लख्ख गुलाबी झालं. सासूबाईंनी कोकम समजून घेतलं आणि दुसरा पेला मागितला.

कोणी ब्लॅक टॉवर या एल्डरचे शेंडे खुडलेत का? ती मुळात सरळ वाढणारी, तिला खुडलं तर आकार बिघडेल असं वाटतंय. माझी अजून कुंडीत आहे. जमिनीत घालण्याआधी कळलं तर बरं, कारण आता ती कुंपणाकडे न लावता दक्षिणेच्या उन्हात, ब्लॅक लेसपासून दोन मीटर सोडून लावायचा विचार चाललाय.