रिपोर्ट नाही, स्लाइड दाखवा

बायोप्सीत कॅन्सर आला की घरातले सगळे धावाधाव करतात, या डॉक्टरला विचार, त्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठव, आणि मग सगळ्यांचं मत एकच आलं की वाटतं चला खात्री झाली. पण ते सगळे एकच कागद वाचून बोलत असतात हो! त्या कागदावरच गडबड असेल तर दहा जणांना विचारूनही ती तशीच राहणार.

खरं सेकंड ओपिनियन म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने (तुकडा तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरने) स्वतः मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघणं. बायोप्सीत काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवतात, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचे 3-4 मायक्रॉनचे काप काढून काचेच्या स्लाइडवर ठेवून रंग देतात आणि शेवटी एक माणूस ते बघून ठरवतो. सरळसरळ पसरलेला कॅन्सर असेल तर सहसा दुमत होत नाही, अडतं ते मधल्या केसेसमध्ये. 2015 साली अमेरिकेत 115 पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड्स दिल्या होत्या, इन्व्हेजिव्ह म्हणजे आजूबाजूला पसरलेल्या कॅन्सरमध्ये तज्ज्ञांच्या पॅनेलशी त्यांचं निदान 96 टक्के वेळा जुळलं आणि एटिपियामध्ये, म्हणजे पेशी विचित्र दिसतात पण कॅन्सर नसतो तिथे, फक्त 48 टक्के! ही रोज हेच काम करणारी माणसं होती, म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, त्या पेशी ओळखणंच तितकं अवघड आहे.

आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) 6 आला तर बऱ्याच जणांना नुसतं लक्ष ठेवून चालतं, 7 आला की ऑपरेशन नाहीतर रेडिएशनची गोष्ट निघू शकते. लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) प्रकार बदलला की औषधं बदलतात. सार्कोमा (हाडं, स्नायू वगैरेंचा कॅन्सर), मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), थायरॉईडच्या काही गाठी, इथे तर मी म्हणेन त्याच अवयवाच्या स्लाइड्स रोज बघणाऱ्यालाच दाखवा.

लॅबकडे लेखी अर्ज करून स्लाइड्स आणि ब्लॉक दोन्ही मागा. ब्लॉक महत्त्वाचा कारण त्यातून नवे काप काढून आयएचसी (पेशींमधली प्रथिनं रंगवून कॅन्सरचा प्रकार ओळखायची तपासणी) परत करता येतं. सोबत पहिला रिपोर्ट, स्कॅन आणि तुकडा नेमका कुठून घेतला ते द्या. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, पॅथॉलॉजिस्ट स्वतःच अवघड स्लाइड एकमेकांना दाखवतात. उशीर होईल ही भीती असते पण बहुतेक गाठींमध्ये थोडे दिवस थांबता येतं, अक्यूट ल्युकेमिया (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) किंवा झपाट्याने वाढणारा लिम्फोमा असेल तर मात्र नाही, तेव्हा हे आपल्या डॉक्टरांना आधी विचाराच. अजून एक, सुई गाठीत नीट लागलीच नसेल तर स्लाइड कितीही जणांनी बघितली तरी उपयोग नाही, बायोप्सीच परत करावी लागते.

दोन रिपोर्ट वेगळे आले तर आपल्याला बरा वाटतो तो धरून बसू नका. दोन्ही पॅथॉलॉजिस्टना एकमेकांशी बोलायला सांगा, लागलं तर तिसऱ्या तज्ज्ञाकडे ब्लॉक पाठवा, आणि हे मिटेपर्यंत ऑपरेशनची तारीख पुढे ढकलता येईल का ते सर्जनला स्पष्ट विचारा.